फुसका बार आणि तुर्भ्याचा आकडा

इंग्रजीतला ‘फिझल’ हा शब्द मराठीत कसा आणावा, हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम आला तो २००९ च्या ऑगस्टअखेरीस. भाषांतराच्या तासाला मी वर्तमानपत्रातला ताजा उतारा घेत असे, आणि त्या आठवड्यात ताजे होते ते के. संथानम यांचे विधान. ११ मे १९९८ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटांपैकी जो हायड्रोजन बॉम्बचा म्हणून सांगितला गेला, त्याची स्फोटशक्ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती, असे ते म्हणत होते. संथानम त्या चाचण्यांच्या वेळी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेत होते आणि चाचणीस्थळाच्या सिद्धतेत त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. बातम्यांनी या साऱ्याला एकच शब्द चिकटवला : फिझल. एका विद्यार्थ्याने क्षणाचाही विचार न करता ‘फुसका बार’ असे भाषांतर केले. एका विद्यार्थिनीने ‘अपेक्षाभंग’ लिहिले. मी दोन्ही शब्द फळ्यावर मांडले आणि तास संपला.

दोन्ही भाषांतरे बरोबर होती आणि दोन्ही अपुरी होती. ती अपुरी का, हे समजून घेण्यासाठी मला पुढे तुर्भ्यापर्यंत जावे लागले. तुर्भे म्हणजे खाडीपलीकडचे, नव्या मुंबईतले नव्हे. चेंबूर-मानखुर्दच्या पुढचे, डोंगराच्या पायथ्याचे जुने तुर्भे, इंग्रजी कागदांत ज्याचे ट्रॉम्बे झाले ते.

आधी शब्दाचे कूळ पाहू. ‘फुसका’ हा काही सभ्य घराण्यातला शब्द नव्हे. ‘फुस्स’ हा नाद, त्यावरून फुसका, आणि त्याच घरातली फुसकुली. वर्गात हे सांगताना हसू पिकते. परंतु इंग्रजी फिझलचे कूळ शोधू गेल्यास तेही तिथेच पोचते. सोळाव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ आवाज न होता वारा सरणे असाच होता. दोन दूरच्या भाषांनी मोठ्या अपेक्षेच्या अंतासाठी देहाचा एकच व्यापार निवडावा, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. अपेक्षाभंगातले हास्यास्पद अंग दोघींनाही दिसले, इतकेच.

एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत हा शब्द अमेरिकेतल्या महाविद्यालयांत गेला आणि तिथे त्याला नेमका अर्थ मिळाला. येलमध्ये विद्यार्थी वर्गात उभा राहून धडा सांगू लागे. तो अगदीच गप्प राहिला तर तो ‘फ्लंक’, आणि काही सांगून मध्येच अडखळला तर ‘फिझल’. फिझल म्हणजे शून्य नव्हे. काहीतरी घडते, पण जेवढे घडायला हवे तेवढे घडत नाही. ही पायरी लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या वादात नेमकी तीच हरवली.

इंग्रजीत अपेक्षाभंगाचे कितीतरी वाक्प्रचार दारूगोळ्याच्या कोठारातून आले आहेत. ‘डॅम्प स्क्विब’ म्हणजे सर्दावलेला फटाका. दिवाळीचे उरलेले फटाके तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवणाऱ्या मुंबईकराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘फ्लॅश इन द पॅन’ ही चकमकीच्या बंदुकीची गोष्ट : रंजक भुरकन पेटते, पण आग आतल्या दारूपर्यंत पोचतच नाही. पहिल्या महायुद्धात न फुटलेल्या तोफगोळ्याला ‘डड’ म्हणू लागले. ‘बॉम्ब’ या शब्दाची तर मोठी मौज आहे. नाटकाचे बॉम्ब झाले असे अमेरिकन माणूस म्हणतो तेव्हा नाटक पडलेले असते, आणि प्रयोग बॉम्बसारखा गेला असे ब्रिटिश माणूस म्हणतो तेव्हा तो रंगलेला असतो. आपल्याकडे बार फुसका निघतो, आणि लग्नाचा बार मात्र उडवून दिला जातो.

मराठीची मुख्य मोजणी दारूच्या बाराने होत नाही, ती सोनाराच्या दगडाने होते. आपण कसोटीस उतरतो, कसाला लागतो, उणे ठरतो. या दोन मोजण्यांत मूलभूत फरक आहे. कसोटीचा दगड सोन्याच्या मालकाला काय वाटत होते हे विचारत नाही. रेघ ओढली जाते, ती ठरलेल्या मापाशी ताडली जाते, आणि मालकाची आशा हिशेबाबाहेर राहते. फुसक्या बाराला मात्र आशा लागते. कानांत बोटे घालून उभा असलेला कोणीतरी लागतो. बोटे घालणाराच नसेल तर बार फुसका होऊ शकत नाही. तो केवळ लहान आवाज होय. साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे हान्स रॉबर्ट याउस आठवेल. १९६७ मध्ये कॉन्स्टान्त्स येथील व्याख्यानात त्याने साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकांच्या अपेक्षांचे क्षितिज आणले, आणि कृती त्या क्षितिजापासून किती दूर पडते हे पाहायला सांगितले. त्याच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे : ते क्षितिज शोधून काढता येते. पूर्वीच्या कृती, वाङ्मयप्रकाराचे संकेत, समकालीनांच्या प्रतिक्रिया यांतून ते पुन्हा मांडता येते. ते कोणी कुलपात ठेवलेले नसते.

अणुबॉम्बच्या जगात फिझल हा विनोदी शब्द राहिला नाही, ती संज्ञा झाली. एप्रिल १९४३ मध्ये लॉस अलामॉसला नव्याने आलेल्या शास्त्रज्ञांना रॉबर्ट सर्बरने पाच व्याख्याने दिली. त्यांच्या टिपणांत एक प्रकरणच या नावाचे आहे. विषय असा : शृंखला अभिक्रिया योग्य क्षणाच्या आधीच सुरू झाली तर द्रव्य पुरेसे एकवटण्यापूर्वीच विखरून जाते, आणि स्फोट होतो पण अगदी थोडका. पुढच्याच वर्षी ही भीती खरी ठरू लागली. अणुभट्टीतून आलेल्या प्लुटोनियममध्ये आपोआप विखंडन पावणारा एक समस्थानिक इतका निघाला की तोफेसारखी नळी वापरण्याची मूळ योजना जुलै १९४४ मध्ये सोडून द्यावी लागली. येथे फिझल हा शब्द पूर्ण अर्थाने वापरता येत होता, कारण अपेक्षित आकडा आधी कागदावर मांडलेला होता आणि तो मांडणारे व तपासणारे एकाच खोलीत बसले होते.

जुलै १९४५ मधल्या पहिल्या चाचणीपूर्वी त्या मंडळींनी चक्क पैज लावली होती. नॉर्मन रॅम्सीने शून्यावर पैसे लावले, म्हणजे डडवर. ओपनहायमरचा अंदाज ३०० टनांचा, टेलरचा ४५ हजार टनांचा. आय. आय. राबी उशिरा आला, त्याच्या वाट्याला १८ हजार उरले होते, आणि तोच जिंकला. एकाच स्फोटाने ओपनहायमरची अपेक्षा कितीतरी पटींनी ओलांडली आणि टेलरची मात्र अर्धीही भरली नाही. अपेक्षा कोणाची, हा प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच समोर येतो.

आणखी एक प्रसंग सांगतो, तो पोखरणच्या वादात पुढे कामास येईल. ३१ मार्च १९५३ रोजी नेवाडाच्या वाळवंटात लिव्हरमोरच्या नव्या प्रयोगशाळेने आपली पहिली चाचणी केली. तिचे नाव ‘रूथ’. उपकरण ३०० फूट उंच लोखंडी मनोऱ्यावर ठेवले होते. अशा चाचणीनंतर मनोरा उरत नाही. रूथनंतर त्याचा बराचसा भाग उभाच होता. अपेक्षा किलोटनांची होती, मिळाले सुमारे २०० टन. तिथे आकडेमोडीआधी उभ्या मनोऱ्यानेच निकाल सांगितला होता. याच्या नेमके उलट वर्षभराने, १ मार्च १९५४ रोजी, बिकिनीवर घडले. सहा मेगाटनांच्या आसपासचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात १५ निघाले. अपेक्षेपेक्षा अधिक यश मिळाले ते एका जपानी मासेमारी बोटीवरच्या माणसांच्या आणि रोंगेलापच्या बेटकऱ्यांच्या अंगावर राख होऊन पडले. बोटीवरचा तारायंत्री कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. त्याच्या घरच्यांनी ‘फिझल’ या शब्दाला काय मोल दिले असते, याचा विचार भाषांतरकाराने एकदा तरी करावा.

आता तुर्भे. १९५४ मध्ये येथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. हे नाव नेहरूंनी ठेवले. १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली सायरस आली, आणि तिच्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याची यंत्रणाही येथेच उभी राहिली. होमी भाभांच्या निधनानंतर, १९६७ च्या जानेवारीत, संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १८ मे १९७४ च्या पहिल्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम सायरसचे होते. राजा रामण्णा, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम ही ते घडवणारी माणसे तुर्भ्याच्या डोंगराखाली काम करीत होती. १९९८ चे बॉम्बही याच संस्थेने रचले, आणि तेव्हा तिचे संचालक होते अनिल काकोडकर.

त्या ११ मेला, बुद्धपौर्णिमेच्या दुपारी पावणेचार वाजता, तीन स्फोट एकदम करण्यात आले. ज्या विहिरींत ते झाले त्यांची नावे होती व्हाइट हाऊस, ताजमहाल आणि कुंभकर्ण. नावे ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती खास. अधिकृत आकडे पुढे जाहीर झाले : व्हाइट हाऊसमधल्या हायड्रोजन बॉम्बचे ४५ किलोटन, ताजमहालातल्या विखंडन बॉम्बचे १५, कुंभकर्णाचे ०.२. पाश्चात्त्य भूकंपशास्त्रज्ञांनी आपल्या नोंदींवरून तिन्ही मिळून सामान्यतः १० ते २५ किलोटनांच्या दरम्यानचे अंदाज मांडले. तुर्भ्याचे उत्तर असे : दोन मोठे स्फोट एकाच क्षणी सुमारे एक किलोमीटर अंतरावर झाल्याने काही दिशांना त्यांच्या लहरींनी परस्परांना छेद दिला, म्हणून दूरची यंत्रे कमी मोजतात. विहिरीतल्या नमुन्यांच्या किरणोत्सर्गाचा अभ्यास करून १९९९ मध्ये केंद्राने सुमारे ५० किलोटन, दहाचा फरक इकडे किंवा तिकडे, असा निष्कर्ष मांडला.

या आकड्याविषयीची पहिली मोठी शंका घरातूनच आली. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अय्यंगार यांनी २००० मध्ये लिहिले की संमीलनाचा भाग अंशतःच जळला असावा. त्यांचे म्हणणे मोजून केलेले होते, येलच्या जुन्या अर्थाने फिझल : उत्तर दिले, पण पुरते नव्हे. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००९ मध्ये संथानम बोलले तेव्हा मात्र आग भडकली, आणि त्या आगीत ही पायरी जळाली. सप्टेंबरात त्यांनी व अशोक पार्थसारथी यांनी मिळून लेख लिहिला, त्याच्या मथळ्यात थेट ‘अपयश’ आले. त्यांच्या युक्तिवादातला सर्वांत चित्रमय भाग रूथच्या मनोऱ्याची आठवण करून देणारा आहे. विखंडन बॉम्बच्या विहिरीवर मोठा खड्डा पडला, पण हायड्रोजन बॉम्बच्या विहिरीवर उभारलेली लोखंडी तिकटी जवळजवळ जशीच्या तशी उभी राहिली. तिप्पट शक्तीचा स्फोट झाला असता तर ती राहिली असती काय? तुर्भ्याकडून उत्तर आले : दोन्ही विहिरींखालचा खडक सारखा नव्हता, आणि संथानम यांच्या संस्थेची मोजणीची उपकरणेच नीट चालली नव्हती. अब्दुल कलाम, चिदंबरम आणि काकोडकर या तिघांनीही चाचणी यशस्वी झाल्याचे ठामपणे सांगितले. रचना अपेक्षेप्रमाणे चालली, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

‘अपेक्षेप्रमाणे’. फळ्यावरचे दोन शब्द मला अपुरे वाटले ते याच शब्दापाशी.

वादाच्या दोन्ही बाजू अपेक्षेच्या भाषेत बोलत होत्या. एकाने अपेक्षेहून कमी म्हटले, दुसऱ्याने अपेक्षेइतके. पण ही अपेक्षा चाचणीपूर्वी कोणत्याही सार्वजनिक कागदावर नव्हती. ४५ हा आकडा देशाने ऐकला तो स्फोट झाल्यानंतर. रचना करणाऱ्यांना आधी काय हवे होते, हे रचना करणाऱ्यांनाच ठाऊक. शिवाय त्यात आणखी एक घडी होती. चिदंबरम यांनी स्पष्ट केले होते की पाचएक किलोमीटरवर खेतोलाई गाव असल्यामुळे तिथल्या घरांना धोका पोचू नये म्हणून स्फोटशक्ती मुद्दामच मर्यादित ठेवली होती. म्हणजे अपेक्षाच कमी केलेली अपेक्षा होती. हे कारण मला खोटे वाटत नाही. गावाचा विचार झाला असेल तर त्याचा आनंदच आहे. परंतु वाचकाच्या दृष्टीने स्थिती अशी होते की कसोटीचा दगड, सोने आणि सोनार हे तिन्ही एकाच कुलपात आहेत. अशा वेळी ‘फुसका बार’ म्हणणारा आणि ‘अपेक्षेप्रमाणे’ म्हणणारा, दोघेही आपल्याकडे निर्णय मागत नसून विश्वास मागत असतात. माझा स्वतःचा कल अय्यंगारांच्या सावध वाक्याकडे आहे. पण तो कल आहे, ज्ञान नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

मराठी कानाला पोखरण हे नाव ऐकताच ‘पोखरणे’ आठवते, आणि मग डोंगर पोखरून उंदीर काढणे अटळच होते. होरेसच्या काव्यशास्त्रात डोंगराला वेणा लागतात आणि तो उंदीर प्रसवतो. ती थट्टा मोठ्या थाटाने आरंभ करणाऱ्या कवीची आहे. मराठीने तिथे एक बदल करून ठेवला आहे. आपला डोंगर प्रसवत नाही, कोणीतरी तो पोखरतो. श्रम, खर्च आणि निर्णय माणसाचे, म्हणून हिशेबही माणसाकडेच मागायचा. लॅटिन म्हणीत उंदराबद्दल डोंगराला दोष देता येतो, मराठी म्हणीत ती सोय नाही. ग्रीकांच्या ‘हामार्तिया’तही नेम चुकतो तो धनुर्धराचा. शोकांतिकेच्या तासाला आपण तिचे भाषांतर ‘प्रमाद’ असे करून तो नेमबाजाचा हात झाकून टाकतो.

तुर्भ्याच्या इतिहासात अशीही एक अपेक्षा आहे जी मुळीच गुप्त नव्हती. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाभांनी भाकीत केले की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या नियंत्रणात येईल. १९७५ आले आणि गेले. १९६२ मध्ये त्यांनी अंदाज दिला की १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॅट अणुवीज असेल. विक्रम साराभाईंनी पुढे २००० सालासाठी सुमारे ४३ हजारांचा आकडा मांडला. २००० मध्ये प्रत्यक्ष क्षमता होती २,७२० मेगावॅट. येथे अपेक्षा छापील आहे, साल छापील आहे, निकाल छापील आहे. उत्तरपत्रिका कोणीही तपासू शकतो.

आणि या अंतरासाठी फिझल हा शब्द कोणी वापरला नाही. विलंब, निर्बंध, तंत्रज्ञानाचा नकार, निधीची टंचाई असे शब्द वापरले गेले, आणि त्यांत तथ्यही पुष्कळ आहे. १९७४ च्या स्फोटानंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि राजस्थानातली दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांना आपल्या बळावर पूर्ण करावी लागली. पुरवठादार देशांनी आपला गट केला. म्हणजे डोंगराखालच्या एका दालनातल्या यशाने दुसऱ्या दालनातल्या अपेक्षेची वाट अडवली. तरीही शब्दांची ही वाटणी विचार करायला लावते. बार एका क्षणात वाजतो किंवा वाजत नाही, म्हणून त्याला फुसका म्हणता येते. चाळीस वर्षांत थोडी थोडी कमी पडत गेलेली गोष्ट कानांत बोटे घालून कोणी ऐकत बसत नाही. तिच्यासाठी मराठीत ‘कमी पडणे’ हे साधे क्रियापद आहे, पंगतीत भात कमी पडतो तसे. त्या क्रियापदात आवाज नाही, म्हणून मथळाही नाही.

संथानम यांचे विधान येण्याच्या दोनच महिने आधी, जून २००९ मध्ये, अप्सरा कायमची बंद करण्यात आली. त्रेपन्न वर्षे ती चालली. तिच्या जागी सुधारित अप्सरा २०१८ मध्ये सुरू झाली. १९५६ मध्ये तिच्याकडून किती वर्षांची अपेक्षा होती, हे त्या आठवड्यात वर्गात कोणी विचारले नाही, आणि मलाही सुचले नाही. उताऱ्यात ती नव्हतीच.